डाव्याच बाजूला का?

माझ्या पोराच्या अंगावरचं पुरळ फक्त डाव्या बाजूला होतं, आणि या गोष्टीचं माझ्याखेरीज कुणालाही नवल वाटत नव्हतं.

"अगं, उन्हाळा आहे. उठणारच," जो तो म्हणायचा. उठणार, मान्य. पण उन्हाळ्याला डावं-उजवं कधीपासून कळायला लागलं? डाव्या कानामागून निघून मानेवरून खांद्यापर्यंत गेलेला लाल पट्टा, डाव्या गालाची कड आणि डाव्या कोपराची आतली घडी. उजवी बाजू बघावी तर लोण्यासारखी. पोरगं एक, आई एक, साबण एक, पंखा एक. मला हे काही केल्या पटेना.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. सकाळपासून डावी काच, उजवी काच, हेच माझं चालतं. डावीची उजवीकडे गेली तर माणूस चार पावलांत धडपडतो आणि येऊन माझ्या डोक्यावर बसतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट एकाच बाजूला दिसली की माझं डोकं तिथं अडकतं. शिवाय मी जात्याच तापट. उत्तर सापडलं नाही की मला राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हे ठरेपर्यंत सगळ्यांवरच निघतो.

पोराला ठेवणीतलं छान नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. घरात तो मुंगळा. उभा राहायला लागल्यापासून ज्याला चिकटायचा त्याला सोडायचाच नाही, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. बाबा म्हणजे माझे वडील. आमच्या घराच्या खालीच त्यांचं सलून आहे, एक खुर्ची, दोन आरसे आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. आई गेल्यावर मी त्यांना एकटं राहू दिलं नाही, नवऱ्याला घेऊन इथंच आले. मग नवऱ्याची बदली वरच्या डोंगरातल्या गावी झाली. तो गेला, आम्ही तिघं राहिलो.

बाबांचा एक नियम होता. गिऱ्हाईक थांबता कामा नये. जेवताना खालून कुणी हाक मारली की हातातला घास खाली ठेवून जिना उतरायचे. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा एकाची अर्धी दाढी राहिली होती म्हणून ते उशिरा आले, आणि आईनं त्यांना ते मरेपर्यंत ऐकवलं.

मुंगळ्याची कातडी जन्मापासूनच नाजूक. कोरडी पडायची, खरखरीत व्हायची, घड्यांमध्ये लाल व्हायची. डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, एक्झिमा आहे, पुष्कळ मुलांना असतो, मोठं होता होता कमी होतो. पण या उन्हाळ्यात त्यात घामाची भर पडली. गुबगुबीत पोर, मांडीला मांडी घासायची आणि आतून सोलवटून निघायची. काखेतही तेच. चालताना बिचारा पाय फाकवून चालायचा, आणि मी हसू की रडू असं मला व्हायचं.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं. कोमट पाण्यानं आंघोळ, तीही झटपट. टॉवेलनं चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग ओलसर असतानाच मलम लावायचं, भरपूर, कंजुषी करायची नाही. सुती सैल कपडे. नखं कापलेली. वासाचं काही नको, पावडर तर अजिबात नको, कारण घामात तिचा लगदा होतो आणि तोच काचतो. खाज सुटली तर थंड पाण्यात पिळलेलं मऊ फडकं ठेवायचं. पावडरचं ऐकून बाबांचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकाच्या मानेला पावडर लावल्याशिवाय त्यांना काम झाल्यासारखं वाटत नाही. पण त्यांनी त्याच दिवशी वरचा पावडरचा डबा खाली नेऊन ठेवला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

गुण आला. मांड्या सुकल्या, काखा सुकल्या, पोर सरळ चालायला लागलं. राहिलं ते फक्त डावीकडचं. आणि ते नुसतं राहिलं नाही, वाढत चाललं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. मी त्याला पोराची मान फोनवर दाखवली.

"इकडे पंखासुद्धा लावावा लागत नाही," तो म्हणाला. "आई आहे सांभाळायला. उन्हाळा संपेपर्यंत राहू दे ना त्याला इथं. तुला सुट्टी मिळेल तेव्हा ये."

"आणि बाबा?"

"बाबांचं काय?"

याला काय सांगणार. माणूस वाईट नाही, पण काही गोष्टी त्याला बोट धरून दाखवाव्या लागतात.

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो," तो म्हणाला. "तोवर कमी झालं तर प्रश्नच मिटला. नाही झालं तर घेऊन जातो. पोराचे हाल बघवत नाहीत मला."

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बरोबर बोलतोय तो," एवढंच म्हणाले आणि खाली जाऊन झाडलेलं सलून पुन्हा झाडत बसले.

आता बाबांचं काय ते मी सांगते. आई गेल्यावर हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलायचा आणि चारही गिऱ्हाइकांशी. मुंगळा झाला आणि बाबा परत बोलायला लागले. दुपारी उन्हामुळे त्यांचं सलून आणि आमचं दुकान दोन्ही बंद असायचं. मी समोरच्या मावशींकडून मुंगळ्याला घेऊन यायची आणि बाबा वर यायचे. खिडकीखाली भिंतीला टेकून बसायचे, पोराला मांडीवर घ्यायचे, आणि मग त्यांचं काय काय चालायचं. सकाळी कोण आलं, कुणाला टक्कल पडायला लागलंय आणि तो मान्य करत नाही, सगळं त्या पोराला सांगायचे. पोर ऐकत ऐकत झोपायचं. बाबांच्या दिवसात तेवढीच एक जागा होती. ती रविवारी बसमध्ये बसून निघून जाणार होती, आणि ते म्हणत होते बरोबर आहे.

मी ठरवलं, हे डावीकडचं काय आहे ते शोधून काढायचंच.

पहिला संशय उशीवर. पोर कुठल्या कुशीवर झोपतं हे मी बघत बसले. रात्री उजव्या, पहाटे पालथा, डावीकडे जवळपास नाहीच. उशी सुटली. मग खिडकी. ऊन डावीकडून येतं का? बाबांची बैठक बदलून बघितली, दुपारभर ते बिचारे स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. पुरळ तसंच. मग मी स्वतःला धरलं. मी त्याला कडेवर घेते, माझ्या केसांना तेल असतं, तेलाला वास असतो. तेल बंद केलं. डोक्याचं गवत झालं, पुरळ तिथंच. समोरच्या मावशींना विचारलं की तुम्ही त्याचा पापा घेताना काही लावलेलं असतं का. त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

"तू पोलिसात जायला हवं होतंस," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्यावरही येणार आहे मी."

"ये की," बाबा म्हणाले आणि हसले. ते मला नंतर फार आठवलं.

मग नगरपालिकेनं आमचा रस्ता खणला. खाली सलूनच्या दाराशी खड्डा, आत यायला वाट नाही, वर धूळ. बाबांचं काम बंद पडलं आणि ते दिवसभर घरात. मुंगळा दिवसभर त्यांना चिकटलेला. मला वाटलं आता धुळीनं सगळं अंग भरणार. झालं उलटंच. डाव्या मानेचा लाल रंग उतरला, कोपराच्या घडीवर नवी कातडी दिसायला लागली. खड्डा बुजला, सलून उघडलं, आणि दोन-चार दिवसांत पट्टा पुन्हा लालभडक.

मी हातातला डाव तसाच कढईत सोडला आणि विचार करत उभी राहिले. बाबा दिवसभर घरात होते तेव्हा पोर बरं होतं. म्हणजे बाबा नाहीत. पण सलून उघडलं की बिघडतं. म्हणजे बाबांबरोबर सलूनमधून काहीतरी वर येतंय.

"केस," मी म्हणाले. "बाबा, केस. तुमच्या हातांना, कपड्यांना बारीक केस चिकटलेले असतात. तेच त्याला टोचतात."

बाबांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्यांना ते पटलं, आणि पटल्याबरोबर त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी वर आले की आधी आंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे दोन्ही हात वर धरून मांडी घालून बसायचे. मग मी पोराला त्यांच्या मांडीवर ठेवायची. मला इतकी खात्री होती की मी नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा, सापडलं म्हणून.

पुरळ इंचभरही हललं नाही.

तेव्हा मात्र मी खचले. रविवार तोंडावर आला होता. नवऱ्याला परत फोन करायची लाज वाटत होती. त्या दिवशी दुपारी मी जमिनीवर बसून राहिले आणि नुसतं त्या दोघांकडे बघत होते. पोराचं डोकं बाबांच्या डाव्या कोपरावर. उजवी बाजू बाबांच्या पोटाला टेकलेली. डावी बाजू वर, मोकळी. आणि बाबांच्या उजव्या हातात फूफू.

फूफूबद्दल मी आतापर्यंत काही बोलले नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनाही सांगितलं नव्हतं. फूफू म्हणजे न्हाव्याचा मानेवर फिरवायचा ब्रश. उन्हाळा सुरू झाला, पोर खाजेनं वळवळायला लागलं, तेव्हा बाबांनी त्याच्यासाठी एक कोरा करकरीत, सगळ्यात मऊ ब्रश आणला. गिऱ्हाइकाला तो कधी लावला नाही. कानामागून मानेवर, गालावरून, कोपराच्या घडीत तो हलका हलका फिरवायचे, मधे एक फुंकर घालायचे, आणि पोर डोळे मिटायचं. औषधानं राहायची नाही ती खाज फूफूनं राहायची. घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू होती ती. मी उशी, तेल, ऊन, शेजारीण, सगळ्यांना आरोपी केलं, पण फूफूकडे माझी नजर गेली नव्हती.

कानामागून खांद्यापर्यंत. गालाची कड. कोपराची घडी. बाबांचा हात जिथं जिथं जात होता, तिथं तिथं लाल होतं.

पण का? खड्ड्याच्या दिवसांतही फूफू होताच की. रोज दुपारी फिरत होता, आणि तरी पोर बरं होत होतं. ब्रश तोच, हात तोच, पोर तेच. मी पार चक्रावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात निघाले ती आधी सलूनमध्ये शिरले. बाबा एकाचे केस कापत होते. आरशापुढे नेहमीची काचेची बरणी, तिच्यात निळं औषधी पाणी, त्यात कंगवे बुडवून ठेवलेले. आणि कंगव्यांच्या मधोमध, दांडा वर करून, फूफू उभा होता.

"हा इथं काय करतोय?" मी विचारलं.

"स्वच्छ होतोय," बाबा कात्री न थांबवता म्हणाले. "रोज सकाळी खाली आणतो, रोज बुडवतो. दुपारपर्यंत बुडतो, मग झटकून वर. पोराच्या अंगाला लागायचं म्हणजे जंतू नकोत."

"मग धुता का पाण्यानं?"

"साध्या पाण्यानं? मग औषधाचा उपयोग काय?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघत होतं. बाबांचं खरंच होतं. सलूनमध्ये चाळीस वर्षं हेच करत आलेला माणूस दुसरं काय करणार. कंगवा असाच ठेवतात, आणि कंगव्याला कातडी नसते. पण मला अजून खात्री नव्हती, आणि एकदा केसांच्या बाबतीत तोंडावर पडले होते. दुसऱ्यांदा पडायचं नव्हतं.

त्याच दुपारी पोर झोपल्यावर मी फूफू उचलला. स्वयंपाकघरात जाऊन गॅससमोर घाम येईपर्यंत उभी राहिले आणि घामेजलेल्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तो फिरवत बसले. कितीतरी वेळ. काही झालं नाही. वेडेपणाच चाललाय आपला, असं वाटलं. संध्याकाळी परत फिरवला. सकाळी उठले तर मनगटावर लाल पट्टा, आणि खाज अशी की काच बसवताना माझा स्क्रूड्रायव्हर दोनदा सुटला.

मला आनंद झाला. खरं सांगते, आधी आनंदच झाला. सापडलं. रस्ता खणला तेव्हा सलून बंद, बरणी बंद, ब्रश कोरडा. सलून उघडलं की बरणी आली. घामात ते निळं पाणी सुटत होतं आणि आधीच सोललेल्या कातडीत मुरत होतं. सगळे तुकडे बसले. आणि मग मला कळलं की हे आता बाबांना सांगायचं आहे.

मी दुपारी सांगितलं. उगाच गोल गोल फिरवणं मला जमत नाही. मनगट पुढे केलं आणि काय काय केलं ते सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा लावला, माझं मनगट हातात धरून उजेडाकडे नेलं. तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या मनगटाच्या शेजारीच त्यांची बोटं होती. लाल, कोरडी, पेरांशी भेगा पडलेली. मुंगळ्याच्या मानेवर जी कातडी होती तीच, फक्त म्हातारी. ही बोटं मी जन्मापासून बघत आले होते आणि न्हाव्याचे हात असेच असतात असं समजत आले होते.

"म्हणजे मीच," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही. निळं पाणी."

"तेच ते."

"बाबा, तुमची बोटं खाजतात का?"

त्यांनी चष्मा काढला. "खाजतात की. चाळीस वर्षं खाजतायत. धंदाच पाण्यातला आहे, त्याला काय करणार." मग मांडीवरच्या पोराकडे न बघता म्हणाले, "म्हणून तर ब्रश आणला. मला ठाऊक आहे ना कसं होतं. नखं लावावीशी वाटतात, पण लावली की आग होते. तिथं काहीतरी मऊ, हलकं फिरावं असं वाटतं, बस. माझी बोटं त्याला लावली तर ओरखडे उठले असते. ब्रशचा हात मऊ."

मी उठून उगाच पाणी प्यायले. हा माणूस कधी पोराच्या गालाला हात लावत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उचलायचा तो मनगटांनी, मांडीवर घ्यायचा तो कोपरावर. बोटं नेहमी बाहेर.

बाबांनी पोराला माझ्याकडे दिलं, फूफू कपाटावर टाकला आणि खाली निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी वर आले ते जेवून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मुंगळा त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून. "आबा. फूफू." बाबा हलले नाहीत. पोर तसंच उभं. मग बसलं आणि बाबांच्या सदऱ्याचं टोक धरून तिथंच रडत रडत झोपलं. मला दोघांचाही राग आला, आणि सगळ्यात जास्त माझा.

शनिवारी मी दोघांनाही डॉक्टरबाईंकडे ओढत नेलं. बाबा यायला तयार नव्हते. गिऱ्हाईक येतील म्हणाले. मी म्हटलं, येऊ देत, एक दिवस जंगली राहतील.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मान बघितली, माझं मनगट बघितलं आणि हसल्या. "हा प्रयोग परत करू नका," मला म्हणाल्या. मग बाबांना म्हणाल्या, "आजोबा, हात दाखवा."

बाबांनी हात पाठीमागे नेले.

"दाखवा हो. शाळेत आहात का?"

त्यांनी दाखवले. बाईंनी एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं. "नातवाचं आणि तुमचं एकच दुखणं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेकीच्या अंगातही थोडं असणार, म्हणून तिचं मनगट एवढ्या लवकर उठलं. ब्रशनं आजार झाला नाही, असलेला चिडवला एवढंच. आता पोराला ब्रश नको, कोरडासुद्धा नको. आणि तुम्ही हातमोजे घालून काम करायचं, आणि रोज मलम. त्याचं आहे तसंच, फक्त तुमचं जरा कडक."

"रबराचा हात लावू गिऱ्हाइकाला?" बाबा म्हणाले.

"मग नातवाला कुठला लावणार आहात?"

बाबांनी मलमाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. परत येताना रस्त्यात एकच वाक्य बोलले. "माझ्याकडून गेलंय त्याला." ते इतकं हळू म्हणाले की मी भांडायची सोडून त्यांच्या दंडाला धरून चालत राहिले.

रविवारी नवरा आला, मोठी रिकामी बॅग घेऊन. पोराची मान बघितली. फूफू बंद होऊन थोडेच दिवस झाले होते, पण लाली उतरायला लागली होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता तेवढ्यात बाबा आतून आले. त्यांच्या हातात मुंगळ्याचे धुतलेले, घडी घातलेले कपडे होते.

"घेऊन जा त्याला," बाबा म्हणाले. "थंड हवेत लवकर बरा होईल. माझ्यापाशी असला की त्याला ती सवय आठवते."

मग मात्र माझा ताबा सुटला. "तुम्हाला काय वाटतं, तुम्ही विष आहात? तुमची कातडी त्याच्याकडे आलीय, ती काय बसमध्ये बसवून इथं ठेवता येणार आहे? ती त्याच्याबरोबर जाणार. आणि ती कशी सांभाळायची हे त्याला कोण सांगणार, सासूबाई? चाळीस वर्षं खाज सोसून एक शब्द बोलला नाहीत. आता तेच त्याला शिकवायचंय का, की तोंड भिंतीकडे करून पडायचं?"

बाबा कपडे धरून उभे. नवरा माझ्याकडे बघत होता, मग बाबांच्या हातांकडे. त्यानं खुर्चीवरची बॅग उचलली आणि पलंगाखाली सरकवली.

"बाबा," तो म्हणाला, "दाढी वाढलीय माझी. करता का? हातमोजे घालून."

ते खाली गेले. मी आणि मुंगळा जिन्यात बसून बघत होतो. बाबांनी पातळ हातमोजे चढवले, बोटं उघडली, मिटली आणि तोंड वाकडं केलं. नवऱ्याच्या गालाला वस्तरा लावला, दोनदा थांबले. त्याची अर्धी दाढी झाली तेव्हा म्हणाले, "जमेल." संध्याकाळच्या बसनं नवरा एकटाच गेला. हनुवटीखाली थोडे केस राहून गेले होते, ते मी त्याला सांगितलं नाही.

मान पुरती सुकायला वेळ लागला. बाबांच्या बोटांना त्याहून जास्त. मुंगळ्याला आंघोळीनंतर मलम लावलं की स्वतःच्या बोटांना लागलेलं तो बाबांच्या हातालाही लावायचा, म्हणजे चार बोटं हातावर आणि एक नाकावर. बाबा त्यांचं कडक मलम वेगळं लावायचे, पण पोराचंही पुसायचे नाहीत. दुपारी पोर मांडीवर असायचं आणि फूफू मागायचं. बाबा ओलं फडकं ठेवायचे, गप्पा मारायचे. बोटं मात्र अजून बाहेरच.

मग एका दुपारी मी आडवी होते आणि मला बाबांचा आवाज थांबल्यासारखा वाटला. बघितलं तर ते स्वतःच्या उजव्या हाताकडे निरखत होते. अंगठा बोटांवर घासून बघत होते, कुठं अडकतंय का. नाही अडकलं. मग त्यांनी ती बोटं हळूच मुंगळ्याच्या कानामागे टेकवली आणि मानेवरून खांद्यापर्यंत नेली. पोरानं डोळे उघडले, आजोबांकडे बघितलं, मान आणखी वळवून दिली आणि डोळे मिटले. बाबांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

खालून हाक आली. कुणीतरी बंद दार वाजवत होतं. मी उठून खिडकीतून बघितलं आणि वळले.

"बाबा, गिऱ्हाईक आलंय," मी हळूच म्हणाले.

बाबांनी मान वर केली नाही.

"थांबू दे," ते म्हणाले.